पडद्यावरील यादी

प्रस्तावना

रेल्वेची गाडी शोधायची असो, परीक्षेचा निकाल पाहायचा असो किंवा औषधाच्या दुकानाचा पत्ता हवा असो, आज आपण खिशातील मोबाइल बाहेर काढतो. दोन-चार अक्षरे लिहितो आणि क्षणार्धात पडद्यावर एक यादी उमटते. त्या यादीवर आपण सहजपणे विश्वास ठेवतो. यादीत नाव असले तर ती वस्तू आहे आणि नसले तर ती नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत नेहमीच बरोबर असते का? ही यादी येते कोठून, ती तयार कशी होते आणि ती कशी वाचावी, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत. त्यासाठी दिल्ली परिसरातून महाराष्ट्राकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे उदाहरण घेतले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• डेटाबेस, तक्ता, ओळ, रकाना आणि पृच्छा या संकल्पना स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• पृच्छेचे उत्तर मोबाइलच्या पडद्यावर यादीच्या रूपाने कसे येते, याचे टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• रिकाम्या यादीचे निरनिराळे अर्थ ओळखू शकाल;
• वाचकाला नेमकी माहिती देणारे लहान संदेश शुद्ध मराठीत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. एक रिकामी यादी

अशी कल्पना करा, की गाझियाबादमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब आहे. एके दिवशी सायंकाळी पुण्याहून दूरध्वनी येतो. आजीची प्रकृती एकाएकी बिघडलेली असते. लगेच निघायला हवे. घरातील मुलगी मोबाइल उघडते आणि गाड्या शोधण्याच्या एका ॲपमध्ये ‘नवी दिल्ली ते पुणे’ असे लिहिते. पडद्यावर चक्र फिरते, थांबते आणि पांढऱ्या पडद्यावर एवढेच शब्द दिसतात : ‘नोंद आढळली नाही.’

“आई, नवी दिल्लीहून पुण्याला गाडीच नाही गं,” मुलगी रडवेल्या स्वरात म्हणते.

“असं कसं होईल? आपण गणपतीला झेलमनेच जातो की!” आई उत्तरते.

मुलगी पडद्यावर दिसले तेच सांगत आहे आणि आई अनुभवाने ठाऊक असलेले सांगत आहे. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मग चूक कोठे झाली? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला यादीच्या मागे दडलेल्या व्यवस्थेकडे वळावे लागेल.

२. खिडकीपासून पडद्यापर्यंत

पूर्वी रेल्वेच्या आरक्षणाची नोंद हाताने ठेवली जात असे. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची नोंदवही वेगळी असे. ज्या गाडीचे तिकीट हवे, तिची नोंदवही ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीपुढे रांग लावावी लागे. तेथे जागा नसल्यास दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेत पुन्हा शेवटी उभे राहावे लागे.

सन १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. सर्व नोंदवह्यांची जागा एका सामाईक माहितीसाठ्याने घेतली. त्यामुळे कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीची चौकशी करता येऊ लागली. पुढील वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, रेल्वेच्या माहिती-व्यवस्थांसाठी ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दिल्लीतील चाणक्यपुरी भागात आहे. १९९९ पर्यंत देशातील प्रमुख आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली. २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली. जानेवारी २०१७ मध्ये ‘आयआरसीटीसी रेल कनेक्ट’ आणि जुलै २०२५ मध्ये ‘रेलवन’ ही मोबाइल ॲप प्रवाशांसाठी आली.

या प्रवासात एक महत्त्वाचा बदल घडला. पूर्वी खिडकीमागील कर्मचारी आपला प्रश्न ऐकत असे आणि समजून घेत असे. ‘नवी दिल्लीहून जागा नाही, पण निजामुद्दीनहून पाहू का?’ असे तो विचारू शके. आता आपला प्रश्न थेट माहितीसाठ्याकडे जातो. माहितीसाठा तंतोतंत उत्तर देतो. आपल्याला काय विचारायचे होते, हे तो स्वतःहून ओळखत नाही. ते ओळखण्याची सोय ॲप तयार करणाऱ्याने आधीच करून ठेवावी लागते.

३. तक्ता, ओळ आणि रकाना

सुसंघटित रीतीने साठवलेल्या माहितीला डेटाबेस म्हणतात. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये अशी कल्पना मांडली, की माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्ते परस्परांशी सामाईक मूल्यांनी जोडावेत. आजही बहुसंख्य डेटाबेस याच पद्धतीने चालतात. तक्त्यातील प्रत्येक आडवी ओळ एका वस्तूविषयी असते आणि प्रत्येक उभा रकाना त्या वस्तूचा एकेक गुण सांगतो. पुढील लहानसा तक्ता पाहा. त्याला आपण ‘गाड्या’ असे नाव देऊ.

| क्रमांक | नाव | आरंभीचे स्थानक | अखेरचे स्थानक |
|---|---|---|---|
| ११०७८ | झेलम एक्स्प्रेस | जम्मू तावी | पुणे |
| १२१३८ | पंजाब मेल | फिरोजपूर छावणी | मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस |
| १२२६४ | दुरांतो एक्स्प्रेस | हजरत निजामुद्दीन | पुणे |
| १२७८० | गोवा एक्स्प्रेस | हजरत निजामुद्दीन | वास्को द गामा |
| १२९५२ | राजधानी एक्स्प्रेस | नवी दिल्ली | मुंबई सेंट्रल |

(हा तक्ता केवळ अभ्यासासाठी आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी गाड्यांचे वार, वेळा आणि थांबे रेल्वेच्या अधिकृत माहितीवरून पडताळून घ्यावेत.)

या तक्त्यातील पहिला रकाना विशेष महत्त्वाचा आहे. ‘राजधानी’ किंवा ‘दुरांतो’ या नावाच्या गाड्या अनेक आहेत. परंतु क्रमांक प्रत्येकीचा वेगळा आहे. भारतीय रेल्वेने २० डिसेंबर २०१० पासून प्रवासी गाड्यांना पाच अंकी क्रमांक दिले. ज्या रकान्यामुळे प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखता येते, त्याला त्या तक्त्याची ‘मुख्य किल्ली’ म्हणतात.

४. प्रश्न विचारण्याची रीत

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला ‘पृच्छा’ म्हणतात. पृच्छा लिहिण्यासाठी एक ठराविक भाषा आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तिचा पहिला आराखडा मांडला. आज ती ‘एसक्यूएल’ या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहितात. पण तिची रचना समजण्यासाठी ती आपण येथे देवनागरीत लिहू.

सिलेक्ट : क्रमांक, नाव
फ्रॉम : गाड्या
व्हेअर : आरंभीचे स्थानक = ‘नवी दिल्ली’ आणि अखेरचे स्थानक = ‘पुणे’
ऑर्डर बाय : क्रमांक

पहिली ओळ कोणते रकाने हवेत ते सांगते. दुसरी ओळ कोणत्या तक्त्यातून ते सांगते. तिसऱ्या ओळीत अट असते आणि चौथ्या ओळीत उत्तराचा क्रम असतो. आता वरील तक्त्यावर बोट ठेवून ही अट एकेका ओळीला लावून पाहा. नवी दिल्लीहून आरंभ होणारी गाडी तक्त्यात एकच आहे आणि ती मुंबईला जाते. पुण्याला संपणाऱ्या गाड्या दोन आहेत. परंतु त्यांपैकी एक जम्मू तावीहून निघते आणि दुसरी हजरत निजामुद्दीनहून. दोन्ही अटी पूर्ण करणारी ओळ एकही नाही. उत्तर शून्य ओळींचे आहे.

आपल्या कथेतील मुलीला रिकामी यादी का दिसली, ते आता उलगडते. तक्त्यातील माहिती खरी होती. डेटाबेसने उत्तरही बरोबर दिले. पृच्छा मात्र चुकीची रचली गेली होती. प्रवाशाला गाडी कोठून सुटते आणि कोठे संपते याच्याशी कर्तव्य नसते. ती आपल्या स्थानकावर थांबते का आणि पुढे आपल्या गावी थांबते का, एवढेच त्याला हवे असते. झेलम एक्स्प्रेस नवी दिल्लीला थांबून पुण्याकडे जाते. गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनहून निघून मनमाड, पुणे, मिरज या मार्गाने वास्कोला पोहोचते.

म्हणून आणखी एक तक्ता लागतो. त्याला ‘थांबे’ म्हणू. त्यात गाडीचा क्रमांक, स्थानक आणि त्या मार्गावरील त्या स्थानकाचा अनुक्रम असे तीन रकाने असतील. गाडीच्या क्रमांकाने दोन्ही तक्ते जोडले, की प्रश्न असा विचारता येतो : ‘ज्या गाडीच्या थांब्यांत नवी दिल्ली आहे, पुणे आहे आणि नवी दिल्लीचा अनुक्रम पुण्याच्या अनुक्रमापेक्षा लहान आहे, अशा गाड्या दाखवा.’ यातील शेवटची अट विसरली, तर पुण्याहून दिल्लीला येणाऱ्या गाड्याही यादीत शिरतील!

दिल्लीसारख्या महानगरात आणखी एक अडचण येते. नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार टर्मिनल ही सारी वेगवेगळी स्थानके आहेत. माणूस ‘दिल्ली’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात संपूर्ण शहर असते. यंत्राच्या लेखी मात्र ‘दिल्ली’ हे एकाच स्थानकाचे नाव असू शकते. नावेही बदलतात. गुडगावचे नाव २०१६ मध्ये गुरुग्राम झाले. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या नावाची नोंद सापडेलच असे नाही. यासाठी रेल्वे प्रत्येक स्थानकाला अक्षरांचा एक संकेत देते. नवी दिल्लीचा संकेत ‘एनडीएलएस’ आणि हजरत निजामुद्दीनचा ‘एनझेडएम’ असा आहे. चांगले ॲप वापरणाऱ्याने लिहिलेल्या नावावरून योग्य संकेत शोधते आणि एकाच शहरातील इतर स्थानकांचाही विचार करते.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा.
(१) ज्या रकान्यामुळे प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखता येते, तो म्हणजे –
(क) संकेत (ख) मुख्य किल्ली (ग) पृच्छा (घ) अनुक्रम
(२) ‘व्हेअर’ या ओळीत काय लिहितात?
(क) क्रम (ख) तक्त्याचे नाव (ग) अट (घ) रकान्यांची नावे
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
(३) ‘थांबे’ या तक्त्यात अनुक्रमाचा रकाना का लागतो?

५. उत्तराची यादी कशी होते?

पृच्छेचे उत्तर हाही एक तक्ताच असतो. तो पडद्यावर दिसण्यापूर्वी काही टप्पे पार पडतात.

माहिती दोन ठिकाणी असू शकते. काही माहिती मोबाइलमध्येच साठवलेली असते. त्यासाठी ‘एसक्यूलाइट’ हा छोटेखानी डेटाबेस सर्रास वापरला जातो. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये तयार केला आणि सर्वांना मुक्त वापरासाठी खुला ठेवला. अँड्रॉइड फोन आणि आयफोन या दोन्हींत तो असतो. फोनवर साठवलेले वेळापत्रक असेल, तर बोगद्यात किंवा माळरानावर संपर्क तुटला तरीही ते पाहता येते. याउलट रिकाम्या जागांसारखी क्षणोक्षणी बदलणारी माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. तेथे ॲप आपली मागणी पाठवते, सर्व्हर डेटाबेसला पृच्छा करतो आणि उत्तर ॲपकडे परत धाडतो.

उत्तर येण्यास वेळ लागतो. तेवढ्या वेळात पडदा गोठून राहू नये, म्हणून शोधाचे काम ॲप पार्श्वभूमीवर करते आणि पडदा मात्र बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देत राहतो. ‘शोध चालू आहे’ हे दर्शविणारे फिरते चक्र याच काळात दिसते.

उत्तर आल्यावर ‘ॲडॉप्टर’ नावाचा मध्यस्थ कामाला लागतो. परदेशी बनावटीचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून मध्ये एक जोडणी लावतात, तिलाही ॲडॉप्टरच म्हणतात. येथेही काम तेच आहे. एका बाजूला तक्त्यातील ओळ आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरील चौकट. ॲडॉप्टर ओळीतील नाव चौकटीत ठळक अक्षरांत बसवतो, क्रमांक खाली लहान अक्षरांत मांडतो आणि वेळ उजवीकडे ठेवतो. तक्त्यातील ‘०५३०’ ही वेळ ‘पहाटे ५.३०’ अशी वाचनीय करून दाखवणे हेही तेथेच घडते.

समजा, उत्तरात पाचशे ओळी आहेत. पण पडद्यावर एका वेळी आठच मावतात. अशा वेळी पाचशे चौकटी तयार करणे म्हणजे फोनच्या स्मृतीवर विनाकारण भार टाकणे होय. म्हणून ॲप जेमतेम पडदा भरेल आणि वर दोन-चार उरतील एवढ्याच चौकटी तयार करते. बोटाने यादी वर सरकवली, की वरून दिसेनाशी झालेली चौकट खाली आणली जाते आणि तिच्यात नवी माहिती भरली जाते. विहिरीवरील रहाटगाडगे आठवा. गाडगी तीच असतात. फेरीगणिक पाणी मात्र नवे येते. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून उपलब्ध असलेल्या ‘रिसायकलर व्ह्यू’ या घटकाच्या नावातच हा पुनर्वापर सुचवला आहे.

या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. गाडग्यातील जुने पाणी पूर्ण ओतले नाही, तर ते नव्यात मिसळते. त्याचप्रमाणे आधीच्या गाडीसाठी चौकटीत रंगवलेली ‘रद्द’ ही तांबडी खूण पुसली नाही, तर ती दुसऱ्याच, व्यवस्थित धावणाऱ्या गाडीपुढे दिसू लागते. म्हणून चौकट नव्याने भरताना तिच्यातील प्रत्येक जागा भरणे किंवा रिकामी करणे आवश्यक असते.

तसेच वाचक एखाद्या ओळीवर बोट ठेवतो, तेव्हा ‘यादीतील तिसरी ओळ’ एवढेच लक्षात ठेवून चालत नाही. तेवढ्यात यादीचा क्रम बदलला, तर तिसऱ्या जागी दुसरीच गाडी आलेली असेल. म्हणून प्रत्येक चौकटीने आपल्याबरोबर गाडीचा क्रमांक, म्हणजेच मुख्य किल्ली, बाळगलेली असावी.

६. रिकाम्या यादीचे अर्थ

ओळींनी भरलेली यादी वाचणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती यादी रिकामी असते तेव्हा. पांढरा पडदा पुढीलपैकी कोणतीही गोष्ट सांगत असू शकतो :

पहिली शक्यता – शोध अजून संपलेला नाही.
दुसरी शक्यता – शोध पूर्ण झाला आणि अटीत बसणारे खरोखरच काही नाही.
तिसरी शक्यता – संपर्क तुटला किंवा सर्व्हरने उत्तर दिले नाही. म्हणजे काही आहे की नाही, हे कळलेलेच नाही.
चौथी शक्यता – अट गरजेपेक्षा अरुंद आहे किंवा प्रश्नच चुकला आहे.

‘नाही’ आणि ‘कळले नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टपालवाल्याने ‘तुमचे पत्र नाही’ असे सांगणे वेगळे आणि टपालवाला आलाच नाही हे वेगळे. तरीही अनेक ॲपमध्ये या चारही स्थितींत एकच कोरा पडदा किंवा एकच वाक्य दिसते. त्यामुळे वाचक प्रवास रद्द करतो, अर्ज भरण्याची तारीख चुकवतो किंवा ‘निकालात माझे नाव नाही’ म्हणून हताश होतो.

चौथ्या शक्यतेचे आणखी एक उदाहरण पाहा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण सर्वसाधारणपणे प्रवासाच्या ६० दिवस आधी करता येते. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तीन महिन्यांनंतरच्या तारखेसाठी जागा शोधणाऱ्याला काहीच मिळाले नाही, तर त्याचा अर्थ गाडी बंद झाली असा नव्हे. त्या तारखेचे आरक्षण अद्याप उघडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲपने हे कारण स्पष्ट शब्दांत सांगितले, तर प्रवासी निश्चिंत होतो.

७. यादीचे वय

भरलेली यादीही एका अर्थाने जुनीच असते. ती पृच्छेच्या क्षणाचे छायाचित्र असते. छायाचित्र काढल्यानंतर दृश्य बदलत राहते. छायाचित्र मात्र तसेच राहते. यादीत ‘१ जागा उपलब्ध’ असे दिसत असताना नोएडातील एक प्रवासी आणि भुसावळचा दुसरा प्रवासी ती एकाच वेळी पाहत असतील. दोघांनीही तिकिटाची मागणी केली, तर डेटाबेस मागण्या क्रमाने हाताळतो. पहिल्याला जागा मिळते. दुसऱ्याला प्रतीक्षा यादीत जावे लागते. दुसऱ्याची यादी खोटी नव्हती. ती काही क्षणांपूर्वीची होती. यासाठी चांगल्या यादीखाली ‘माहिती सकाळी १०.४२ वाजताची’ असा उल्लेख असतो आणि ती ताजी करण्याची सोयही असते.

८. पुन्हा गाझियाबादकडे

आता त्या मायलेकींकडे परत जाऊ. आईचे बोलणे ऐकून मुलगी पुन्हा मोबाइल हाती घेते. या वेळी ती दुसरे ॲप उघडते. त्यात थांब्यांचा विचार केलेला असतो. पडद्यावर झेलम एक्स्प्रेस दिसते. “निजामुद्दीनहून पण बघ बाळा,” आई सुचवते. स्थानक बदलताच गोवा एक्स्प्रेसही यादीत येते. यादीखालील वेळ पाहून मुलगी ती एकदा ताजी करते आणि मगच तिकीट काढते.

डेटाबेस पहिल्यापासून तोच होता. बदलला तो प्रश्न. आईला संगणकाचे ज्ञान नव्हते. तरीही पडद्यावरील उत्तर अनुभवाशी जुळत नाही, तेव्हा प्रश्न पुन्हा तपासावा, ही जाण तिला होती. यंत्राच्या काळातही ती जाण तितकीच मोलाची आहे.

पाठगत प्रश्न २

(१) ‘रहाटगाडगे’ हा दृष्टान्त लेखात कशासाठी वापरला आहे?
(२) यादीतील ओळीचा क्रम लक्षात ठेवण्याऐवजी मुख्य किल्ली का बाळगावी?
(३) चूक की बरोबर ते लिहा : ‘रिकामी यादी म्हणजे शोधलेली वस्तू अस्तित्वात नाही.’

शब्दार्थ

निःसंदिग्धपणे – शंकेला जागा न ठेवता
पृच्छा – विचारणा, चौकशी
संकेत – ठरवून दिलेली खूण
पार्श्वभूमी – मागील बाजू
पुनर्वापर – पुन्हा केलेला वापर
दृष्टान्त – एखादी गोष्ट समजावण्यासाठी दिलेले उदाहरण
जमीन-अस्मानाचे अंतर – फार मोठा फरक

भाषाअभ्यास : संदेशलेखन

पडद्यावरील संदेश हा लेखनाचा सर्वांत लहान प्रकार आहे. पण त्यातील एकेक शब्द जबाबदारीने योजावा लागतो. चांगल्या संदेशात तीन गोष्टी असतात : काय झाले, का झाले आणि आता काय करावे. पुढील संदेशांची तुलना करा.

• ‘नोंद आढळली नाही.’
• ‘नवी दिल्लीहून पुण्याला या तारखेस थेट गाडी नाही. हजरत निजामुद्दीन स्थानकावरून शोधून पाहावे.’
• ‘संपर्क होऊ शकला नाही, म्हणून गाड्यांची माहिती मिळाली नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.’

पहिल्या वाक्यातून कारण कळत नाही. दुसऱ्यात ‘नाही’ हे ठाम विधान आहे; ते शोध पूर्ण झाल्यावरच करता येते. तिसऱ्यात ‘म्हणून’ या उभयान्वयी अव्ययाने कारण आणि परिणाम जोडले आहेत. ‘करावे’, ‘पाहावे’ ही विध्यर्थी रूपे सौजन्य राखून सूचना देतात. ‘तुम्ही चुकीची माहिती भरली’ असा दोष वाचकाच्या माथी मारणारा संदेश टाळावा.

तुम्ही काय शिकलात?

• डेटाबेसमधील माहिती तक्त्यांत असते आणि सामाईक रकान्याने तक्ते जोडता येतात.
• यादी हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्नातील अट बदलली, की यादी बदलते.
• ॲडॉप्टर हा तक्त्यातील ओळ पडद्यावरील चौकटीत मांडतो. थोड्याच चौकटी पुन्हा पुन्हा वापरल्या जातात.
• ‘शोध चालू आहे’, ‘काही नाही’, ‘कळले नाही’ आणि ‘प्रश्न तपासा’ या चार स्थिती वेगवेगळ्या शब्दांत सांगायला हव्यात.
• यादी पृच्छेच्या क्षणाची स्थिती दाखवते. म्हणून तिची वेळ पाहणे आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. हाताने ठेवलेल्या नोंदवह्या आणि संगणकीय आरक्षण यांतील फरक आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘माहिती खरी, उत्तरही बरोबर, तरी यादी रिकामी’ – हे कसे घडले, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या वस्तीतील पाच दुकानांचा तक्ता तयार करा. रकाने : अनुक्रमांक, नाव, कशाचे दुकान, उघडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी. त्यावर तीन पृच्छा मराठीत लिहा आणि त्यांची उत्तरे काढा. त्यांपैकी एका पृच्छेचे उत्तर शून्य ओळींचे असावे.
४. परीक्षेच्या निकालात आसनक्रमांक सापडला नाही, अशा वेळी पडद्यावर दाखवण्याचे तीन वेगवेगळे संदेश तीन वेगवेगळ्या कारणांसाठी लिहा.
५. ‘पडद्यावरील यादी आणि घरातील अनुभवी माणूस’ या विषयावर सुमारे दीडशे शब्दांत आपले विचार मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) ख – मुख्य किल्ली. (२) ग – अट. (३) गाडी चढण्याच्या स्थानकाकडून उतरण्याच्या स्थानकाकडे जाते की उलट दिशेने, हे ठरवण्यासाठी अनुक्रम लागतो.

पाठगत प्रश्न २ : (१) पडद्यावरील थोड्या चौकटी पुन्हा पुन्हा वापरून त्यांत नवी माहिती कशी भरली जाते, हे समजावण्यासाठी. (२) यादीचा क्रम बदलू शकतो. मुख्य किल्लीमुळे मात्र नेमकी तीच गाडी उघडते. (३) चूक. शोध अपूर्ण असणे, संपर्क तुटणे किंवा अट चुकणे ही कारणेही असू शकतात.